दोष मला देऊ नये

सातबाऱ्यावर आजोबांचं नाव चुकलेलं, शिधापत्रिकेवर आडनावातला काना गळालेला, शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख आधारकार्डाशी न जुळणारी. अशा एकेका अक्षरासाठी प्रतिज्ञापत्रं करत हिंडणाऱ्या माणसाचा जीव मेटाकुटीला येतो. खिडकीपलीकडचं उत्तर मात्र ठरलेलं असतं: आधीच्या कागदावर तसंच होतं, आम्ही तेच उतरवलं. ऐकणाऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात जाते आणि तो म्हणतो, हल्ली कामात कुणाचं लक्षच नसतं. त्याचा संताप खरा आहे, पण त्यातलं ‘हल्ली’ इतिहासाला मान्य होण्यासारखं नाही. खिडकीपलीकडचं ते उत्तर शेकडो वर्षांचं जुनं आहे. आपल्याकडच्या हस्तलिखित पोथ्यांच्या शेवटच्या पानांवर ते जवळजवळ याच शब्दांत लिहून ठेवलेलं सापडतं.

पोथी संपते तिथे शक, संवत्सर, तिथी, वार, गाव आणि लिहिणाऱ्याचं नाव येतं. त्यानंतर पुष्कळदा एक ठरीव संस्कृत श्लोक असतो. जसं पुस्तक पाहिलं तसं मी लिहिलं. शुद्ध असो की अशुद्ध, दोष मला देऊ नये, असा त्याचा भाव. गंमत अशी की कित्येक पोथ्यांत हा श्लोकच अशुद्ध लिहिलेला आढळतो. त्याच्या जोडीला आणखी दोन श्लोक भेटतात. एकात लिहिणारा सांगतो की पाठ, कंबर आणि मान मोडून, नजर खाली लावून मी हे कष्टाने लिहिलं आहे, तेव्हा जतन करा. दुसऱ्यात पोथी स्वतःच बोलते: मला तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून वाचवा, आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. म्हणजे लेखनिक आपल्या चुकीतून अंग काढून घेतो आणि त्याच दमात वाचणाऱ्याच्या बेपर्वाईबद्दल तक्रारही नोंदवतो. ती तक्रार अनाठायी नव्हती. पोथीची पानं सुटी असत, वर-खाली लाकडी फळ्या आणि भोवती कापडाचं बासन. गाठ सैल राहिली की पानांचा क्रम गेला. समईपाशी वाचताना तेलाचं बोट लागलं की अक्षर गेलं. पण लिहिणाऱ्याच्या हातून होणाऱ्या चुकाही कमी नव्हत्या. दोन ओळींचा शेवट एकाच शब्दाने झाला की नजर पहिलीवरून थेट दुसरीवर उतरते आणि मधला मजकूर गळतो. ‘घ’चा ‘ध’ होतो, ‘थ’चा ‘य’ होतो, सुट्या ‘र’ आणि ‘व’चा ‘ख’ होतो. एकाने सांगायचं आणि दुसऱ्याने लिहायचं, तर कानाच्या चुकांची भर. लिखाण ‘ग्रंथ’ या मापाने मोजत, बत्तीस अक्षरांचा एक ग्रंथ. मोजदाद अशी अक्षरांच्या संख्येवर असली की हात भराभर चालणारच.

या साऱ्याचा परिणाम काय झाला त्याची सर्वांत ठळक साक्ष ज्ञानेश्वरीची आहे. ग्रंथ शके १२१२ चा, म्हणजे १२९० चा. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्याची प्रत शुद्ध केली. मधल्या जवळजवळ तीनशे वर्षांत नकला होत होत इतके पाठभेद शिरले होते की मुळात अत्यंत शुद्ध असलेला ग्रंथ शुद्धाशुद्ध होऊन बसल्याची नोंद त्या प्रतीच्या शेवटी आहे. त्याच पैठणात वैदिकांच्या घरी त्याहून कितीतरी जुना मजकूर कागदाशिवाय, केवळ तोंडी, अक्षर न हलता चालत आला होता. लिहिलेलं बिघडलं आणि बोललेलं टिकलं, हे उफराटं वाटतं. पण वेदपाठाची घडण पाहिली की उलगडा होतो. संहितेचे शब्द आधी सुटे करून म्हणायचे, मग क्रमाने जोडीजोडीने, मग जटेत पुढे-मागे. घनपाठात तर एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, पुन्हा एक-दोन-तीन, आणि मग दुसऱ्या शब्दापासून तीच फेरी. मधला एक शब्द निसटला तर साखळी तिथेच तुटते, आणि समोर बसलेल्या गुरूच्या कानाला ते कळल्याशिवाय राहत नाही. इथे शिष्याच्या एकाग्रतेवर कुणी भिस्त ठेवलेली नाही. मन उडणार हे धरूनच पाठ रचलेला आहे. पोथीच्या लेखनिकामागे असा कान नव्हता. त्याने लिहिलेलं मुळाशी ताडून पाहणारा कुणी असलाच तर मालकाच्या मर्जीवर असे.

यावर लगेच म्हणता येईल की वेद अपौरुषेय, त्यात चूक म्हणजे पाप. ती भीतीच राखण करत होती, रचनेला फुकटचं श्रेय कशाला? पण ज्ञानेश्वरीबद्दल लोकांची भक्ती काय कमी होती? उलट भक्तीनेच तिथे घोळ घातला. एकनाथांच्या प्रतीच्या शेवटी इशारा आहे तो आळशी माणसाला नव्हे, तर उत्साही भक्ताला: या ग्रंथात जो आपली ओवी घालील, त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजावं. आदर होता, तरी आदराने काम भागलं नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वेदपाठाची ती तटबंदी उभी राहिली ती दारं बंद करून. स्त्रिया आणि शूद्र बाहेर, मूठभर घराणी आत, आणि त्यांच्यातही उमेदीची वर्षं केवळ पाठांतरात घालवणारे थोडे. ज्ञानेश्वरी सर्वांसाठी होती म्हणून ती नाना हातांनी उतरवली, आणि नाना हात म्हटले की नाना चुका. हे मान्यच केलं पाहिजे. गीतेचा अर्थ घरोघर पोचण्याची ती किंमत होती आणि माझ्या मते ती महाग पडली नाही. प्रश्न उरतो तो एवढाच, की दारं उघडी ठेवूनही पडताळणी करता येते का.

येते, आणि तिचा नमुना महानुभावांनी घालून दिला. म्हाइंभटांनी गोळा केलेलं लीळाचरित्र खिलजींच्या स्वारीच्या धामधुमीत हरवलं. अनुयायांनी ते आठवणीतून पुन्हा उभं केलं, तेव्हा आठवणी साहजिकच जुळेनात. अशा वेळी एक आठवण खरी मानून बाकीच्या पुसून टाकणं सोपं होतं. त्यांनी तसं केलं नाही. लीळेच्या मजकुरातच ‘वासना’ म्हणून वेगळी आठवण, ‘शोधु’ म्हणून नंतर मिळालेली माहिती, आणि हिराइसेचा पाठ असा, अमक्याचा तसा, अशी नावानिशी नोंद ते करत गेले. आजही लीळाचरित्र वाचताना या नोंदी मध्येमध्ये येतात आणि सवय नसलेल्या वाचकाला अडखळायला होतं. मला त्या गुळगुळीत मजकुरापेक्षा मोलाच्या वाटतात. कोण काय म्हणतो हे उघड लिहून ठेवलं की पुढच्या माणसाला तपासायला जागा राहते. ‘जसं पाहिलं तसं लिहिलं’ हा त्यांचाही दावा होता, पण तो अंग झटकण्यासाठी नव्हता.

मग स्वभावाचा काहीच भाग नाही का? ज्याचं चित्त कामावर नाही त्याला कुठली व्यवस्था सुधारणार? या बाजूने सर्वांत मोठा साक्षीदार म्हणून रामदासांना उभं करता येईल. दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खांच्या आणि पढतमूर्खांच्या लक्षणांचा जो पाढा आहे, तो बेफिकीर माणसांना कंटाळलेल्या माणसाचाच आहे. पण त्याच ग्रंथात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे, आणि तिथला सूर निराळा लागतो. पान शिशाने आखून घ्यावं आणि मग लिहावं. ओळीला ओळ लागू नये, वरच्या ओळीचं लांब अक्षर खालच्या ओळीला भिडू नये. पहिलं अक्षर जसं, तसंच शेवटचं दिसावं. तरुणपणी फार बारीक लिहू नये, कारण म्हातारपणी तेच वाचता येत नाही. चहूकडे समास सोडावा, म्हणजे कागद झडला तर कोरा कागद झडेल, अक्षराला धक्का लागणार नाही. बरू कुठून आणावेत, ते घट्ट आणि सरळ कसे निवडावेत, चाकू, कात्री, शाई, बासन यांची निगुतीने तयारी कशी असावी, सारं सांगून ठेवलेलं. ‘नीट लक्ष दे’ एवढ्यावर त्यांनी भागवलेलं नाही. कागदाची कड झिजणार आहे, डोळे मंदावणार आहेत, हात थकणार आहे, हे ओळखून त्यांनी आधीच सोय केली आहे. मूर्खांवर इतकं रागावणारा माणूस प्रत्यक्ष काम हातात घेतो तेव्हा स्वभावावर विसंबत नाही.

उलट बाजूला एक वेगळाच गुन्हेगार आहे, ज्याच्याकडे आपलं सहसा लक्ष जात नाही. तो म्हणजे शहाणा लेखनिक. मठ्ठ माणूस न कळलेला शब्द जसाच्या तसा उतरवतो. हुशार माणूस तो ‘दुरुस्त’ करतो. वि. का. राजवाड्यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व म्हणून ज्ञानेश्वरीची प्रत छापली, तेव्हा त्यांना अप्रूप होतं ते तिच्यातल्या जुन्या रूपांचं. रूढ प्रतींत ती रूपं नव्या वळणाची झाली होती, आणि त्यांच्या मते खुद्द एकनाथांच्या शुद्धीनंतरही ती तशीच राहिली होती. त्यांच्या प्रतीचं वय त्यांनी मानलं तितकं होतं का यावर विद्वानांत वाद आहे. तरी मुद्दा टिकतो. जुनी मराठी झिजली ती पेंगणाऱ्यांपेक्षा जास्त, मजकूर आपल्याला समजला आहे अशी खात्री असणाऱ्यांमुळे. कार्यालयात ‘दत्तु’चा ‘दत्तात्रय’ करून टाकणारा कारकून याच जातकुळीतला. त्याला निष्काळजी म्हणता येत नाही, आणि नुकसान मात्र तो जास्त करतो, कारण त्याची चूक चुकीसारखी दिसत नाही.

दरबारी दफ्तराने यातून वेगळी वाट काढली, आणि ती आपल्याला फारशी लाभली नाही असं माझं मत आहे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नसत, शब्द सुटे लिहीत नसत. हात न उचलता भराभर लिहिण्याची ती सोय होती. पत्राच्या शेवटी मर्यादेची मोहोर उठवत, म्हणजे त्याखाली कुणाला ओळ वाढवता येऊ नये. नोंद झाल्याच्या खुणा वेगळ्या करत. ही सारी राखण लबाडीपासून होती, गफलतीपासून नव्हे. आजही तोच वारसा चालू आहे. साक्षांकित प्रत, शपथपत्र, मुद्रांक, शिक्के यांतून अर्जदार खोटं बोलत नाही ना हे दहा वेळा पाहिलं जातं. टंकणाऱ्याने नाव बरोबर टंकलं का, हे एकदाही नाही.

छपाईने हा प्रश्न सुटेल असं वाटलं असणार. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाछापावर पंचांग काढलं, तेव्हापासून एक पान हजार वेळा एकसारखं निघू लागलं. पण एकसारखं म्हणजे चूकही हजार वेळा. फरक पडला तो जिथे छापण्याआधी कुणाला तरी वाचायला बसवलं तिथे. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याची कीर्ती सुबक टायपामुळे झाली, तशीच काशिनाथ पांडुरंग परब आणि वासुदेव लक्ष्मण पणशीकर यांच्यासारख्या शास्त्र्यांमुळेही. संस्कृत ग्रंथ मुंबईत छापलेला असला तर देशभरचे पंडित तो भरवशाचा मानत. यंत्र सगळ्यांकडेच आलं होतं. दुसरी नजर थोड्यांनीच पदरमोड करून ठेवली.

सातबाऱ्याची कथा या सगळ्याच्या पुढचीच आहे. हाताने लिहिलेले सातबारे तलाठी दर दहा वर्षांनी नव्याने उतरवत, म्हणजे गावोगाव पोथीच्या नकलाच चालू होत्या, शेवटचा श्लोक तेवढा नव्हता. संगणकावर घेताना त्या साऱ्या चुका आत गेल्या आणि काही नव्याही पडल्या. २०१७ मध्ये राज्यभर चावडीवाचन झालं. तलाठ्याने गावासमोर सातबारा मोठ्याने वाचायचा, आणि ज्याची जमीन त्याने ऐकून चूक सांगायची. वेदशाळेतला कान इथे सर्वांसाठी उघडा झाला, म्हणून ही कल्पना मला गेल्या काही वर्षांतल्या सरकारी कल्पनांत सर्वांत शहाणी वाटते. तिचा दोष एवढाच की तो कान गावात हजर असावा लागतो. मुंबईत किंवा सुरतेत पोटासाठी राहिलेल्या खातेदाराचं नाव चावडीवर वाचलं गेलं, तरी ते चुकलं आहे हे सांगणार कोण? त्याच्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ चं कलम १५५ आहे, लेखनप्रमाद दुरुस्तीचं. तिथे अर्ज त्यालाच करावा लागतो, आणि जुना सातबारा व फेरफार शोधून पुरावाही त्यालाच जोडावा लागतो.