अस्सलातील चूक आणि आपली लेखणी

चापोरा नदीकाठचा हळर्णचा किल्ला १७४६ साली पोर्तुगीज व्हाइसरॉय पेद्रु मिगेल द आल्मेदा याने सावंतवाडीकर भोसल्यांकडून जिंकला. त्या विजयाची खूण म्हणून १७४८ साली त्याला ‘आलोर्नचा मार्केझ’ असा किताब मिळाला. पोर्तुगीजांच्या उच्चारात ‘ह’ नाही आणि ‘ळ’ही नाही, म्हणून हळर्णचे आलोर्न झाले. पुढे त्याची नात, कवयित्री लिओनोर (१७५०–१८३९), याच किताबाने ख्यातनाम झाली. लिस्बनच्या एका घराण्याच्या वंशावळीत पेडणे महालातील हे गाव असे नांदते आहे.

मग उतारा देताना ‘आलोर्न’ खोडून ‘हळर्ण’ लिहावे काय? आमच्या मते, लिहू नये. पेडण्याचे ‘पेर्नेम’ आणि डिचोलीचे ‘बिचोलिम’ झाले, तशीच आपली आडनावेही पोर्तुगीज दप्तरांत रूपे पालटून बसली आहेत. ती परस्पर सुधारली, तर पुढच्या शोधकाला मूळ नोंद सापडायचीच नाही.

खरी चूक असली तरी नियम तोच. मोडी वंशावळीत नातवाला आजोबाचे नाव ठेवण्याच्या रिवाजामुळे नकलकाराची नजर एका नावावरून दुसऱ्यावर घसरते, आणि मधल्या पिढ्या गळतात. अशा ठिकाणी मजकूर जसाच्या तसा उतरावा. चौकटी कंसात ‘मूळबरहुकूम’ असे लिहावे. आणि आपली दुरुस्ती आधारासह टीपेत द्यावी.

कधी चूक कागदाची नसून वाचणाऱ्याची असते. शके १५५१ च्या फाल्गुनात सरसकट ७८ मिळवणाऱ्यास १६२९ साल मिळते. वास्तविक फाल्गुन इसवी सनाच्या पुढल्या वर्षात येतो, म्हणून तेथे ७९ मिळवावे लागतात. शिवजन्माची तिथी हे याचे ठळक उदाहरण. बखरींत शके १५४९ चा वैशाख, तर १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या जेधे शकावलीत शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’ने या दुसऱ्या तिथीला दुजोरा दिला. बखरींतली तिथी कोणी आधीच ‘दुरुस्त’ करून छापली असती, तर दोन्ही परंपरा समोरासमोर ठेवून पारखण्याची संधीच राहिली नसती.

आपल्याकडे हा प्रश्न केवळ विद्वत्तेचा नाही. देवस्थानाची महाजनकी वंशपरंपरेने चालते. वंशावळीतले एक नाव बदलले, तर एखाद्या शाखेचा हक्कच वादात सापडतो. पूर्वजांची बेअब्रू होईल या भयाने चूक झाकणारा वंशज त्यांची सेवा करीत नाही. पूर्वजांनी लिहिले ते त्यांचे, आम्ही सुधारले ते आमचे. या दोहोंमधली रेघ स्पष्ट राखणे हीच आम्ही वंशावळ लिहिणाऱ्यांची पहिली जबाबदारी समजतो.