कॅराव्हॅनच्या मुक्कामी मोकळ्या आकाशाखाली चित्रपट

मालमोटारीतून प्रोजेक्टर, पडदा आणि तंबू घेऊन गावोगावच्या जत्रांत जाणाऱ्या फिरत्या चित्रपटगृहांची परंपरा महाराष्ट्राला परिचित आहे. निवासाची सोय असलेल्या कॅराव्हॅनमधून प्रवास करणाऱ्या कुटुंबालाही असा खेळ लहान प्रमाणावर मांडता येतो. त्याचे यश प्रोजेक्टरच्या किमतीपेक्षा अंधार, वीज आणि वेळ यांच्या हिशेबावर अवलंबून असते.

पडदा आणि प्रकाश

घरगुती वापरासाठी १०० इंची पडदा पुरेसा होतो. त्याची रुंदी सुमारे २.२ मीटर आणि उंची सव्वा मीटर असते. प्रोजेक्टरचा ‘थ्रो रेशो’ १.२ असल्यास तो पडद्यापासून २.६ मीटरवर ठेवावा. पांढऱ्या सुती चादरीमागे काळे कापड लावल्यास प्रकाश आरपार जात नाही. ताशी ३० किलोमीटरचा वारा एवढ्या पडद्यावर दहा-बारा किलोंचा जोर देतो. म्हणून पडदा चारही कोपऱ्यांना ताणून बांधावा.

प्रोजेक्टर निवडताना खोक्यावरील मोठ्या आकड्यांऐवजी ‘अ‍ॅन्सी ल्युमेन’ हे मोजमाप पाहावे. ५०० अ‍ॅन्सी ल्युमेनचा प्रोजेक्टर या पडद्यावर सुमारे १८० लक्स प्रकाश टाकतो. पौर्णिमेचे चांदणे जेमतेम पाव लक्स असल्याने त्याचा अडथळा होत नाही. मात्र शेजारचा विजेचा दिवा चित्र फिके करतो.

विजेचा हिशेब

६० वॅटचा एलईडी प्रोजेक्टर आणि १० वॅटचा ध्वनिवर्धक तीन तास चालविल्यास २१० वॅट-तास वीज लागते. इन्व्हर्टरमधील घट धरून ती २४० पर्यंत जाते. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून निम्मी, म्हणजे ६०० वॅट-तास वीजच वापरणे हिताचे असते. शीतकपाट आणि पंखेही त्यातूनच चालत असल्यास त्यांची गरज आधी वजा करावी. इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीला हात लावू नये; अन्यथा सकाळी वाहन जागचे हलणार नाही. जनरेटरच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक असल्याने तो वाहनाच्या दारा-खिडक्यांजवळ कधीही चालवू नये.

वेळ आणि नियम

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक वापरण्यास मनाई आहे. सूर्यास्तानंतर साधारण पाऊण तासाने चित्र स्पष्ट दिसू लागते. मुंबई परिसरात डिसेंबरमध्ये सात वाजता खेळ सुरू करता येतो, तर मे महिन्यात आठ वाजतात आणि हाती दोनच तास उरतात. त्यानुसार चित्रपट निवडावा. तिकीट लावून किंवा सर्वांना बोलावून चित्रपट दाखविण्यासाठी हक्कधारकाची परवानगी आवश्यक असते.

जंगलालगतच्या मुक्कामात प्रकाश आणि आवाज यांमुळे वन्यजीवांना त्रास होतो. अशा ठिकाणी पडदा गुंडाळून ठेवणेच योग्य ठरते.