नळी, झडप आणि कातडीवरचे जंतू

लाखांदूर तालुक्यातलं दिघोरी म्हणजे धानाचा पट्टा. इथे एखाद्या लेकराचं डोकं अंगाच्या मानाने झपाट्याने वाढू लागलं, तर पुढचा रस्ता बहुधा नागपूरचा. ‘डोक्यात पाणी साठलंय, नळी टाकावी लागेल,’ हे वाक्य आईबाप तिथे ऐकतात. त्या नळीमागे अनेकांची धडपड आहे.

मोठ्या माणसाच्या मेंदूच्या पोकळ्यांत दिवसाला साधारण अर्धा लिटर पाणी तयार होतं आणि रक्तात जिरतं. वाट अडली की ते तुंबतं. 1949 साली फिलाडेल्फियात नल्सेन आणि स्पिट्झ यांनी हे पाणी मानेच्या शिरेत सोडणारी झडपेची नळी वापरली. 1955 मध्ये जॉन होल्टर या कुलपांच्या कंपनीतल्या तंत्रज्ञाला मुलगा झाला, त्याच्या पाठीच्या कण्यात जन्मजात व्यंग होतं आणि डोक्यात पाणी साठत होतं. होल्टरने सिलिकॉनची झडप घडवली. तिच्यातली बारीक चीर दाब वाढला की उघडते, उतरला की मिटते. मार्च 1956 मध्ये ती पहिल्यांदा बसली, तीही दुसऱ्याच्या बाळाला.

शरीराने सिलिकॉन सोसलं; जंतूंनीही सोसलं. बेस्टन आणि पेनी यांनी 1972 मध्ये दाखवलं, की होल्टरच्या नळ्यांत वस्ती करणारे स्टॅफिलोकॉकसचे काही जंतू बुळबुळीत थर तयार करतात. त्या थराआड औषध नीट पोचत नाही. हे जंतू बहुतेक वेळा कातडीवरचेच असतात आणि शस्त्रक्रियेच्या वेळी आत शिरतात. आजची नळी कानामागून कातडीखालून पोटात उतरते. संसर्ग झाला तर बहुधा ती काढावी लागते, पाणी तात्पुरतं बाहेर पिशवीत काढतात, अँटिबायोटिक देतात आणि पाणी निर्जंतुक झाल्यावर नवी नळी घालतात. एका लेकरावर पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया. शेतमजुराच्या घराला ते मोडून टाकतं.

म्हणून मला आपल्याकडच्या छाब्रा शंटचं, म्हणजे अशाच नळीचं, मोल फार वाटतं. तो उत्तर प्रदेशात शाहजहानपूरला तयार होतो. युगांडात बेंजामिन वॉर्फ यांनी 2005 मध्ये छापलेल्या अभ्यासात पस्तीस डॉलरच्या आतला हा शंट साडेसहाशे डॉलरच्या परदेशी शंटशी ताडून पाहिला. वर्षभरात संसर्गात किंवा बंद पडण्यात लक्षणीय फरक आढळला नाही.

रिफाम्पिसिन आणि क्लिंडामायसिन मुरवलेल्या नळ्या ही पुढची पायरी. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या 1605 रुग्णांच्या, 2019 मध्ये छापलेल्या चाचणीत साध्या नळीत संसर्ग सुमारे 6 टक्के, औषधी नळीत 2 टक्के निघाला. चांदी मुरवलेल्या नळीने मात्र काही साधलं नाही.

संसर्ग बहुतांशी शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत होतो. लेकराला ताप, उलट्या, सुस्ती, टाक्यांजवळ लाली किंवा पोटदुखी दिसली, तर गावातल्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगायचं: ‘याच्या डोक्यात नळी आहे.’ साधा ताप समजून अँटिबायोटिक आधीच सुरू झालं, तर नागपुरात पाण्याच्या तपासणीत जंतू सापडणं कठीण होतं.