महापुरातली भाकरी आणि वैरण

कोल्हापूर संस्थानात आपत्तीच्या काळातील मदतीला ठळक रूप आले ते १८९६-९७च्या दुष्काळात. राजर्षी शाहू छत्रपतींना कारभार हाती घेऊन तेव्हा जेमतेम दोन-तीन वर्षे झाली होती. दरबाराने स्वस्त धान्याची दुकाने उघडली, दुष्काळी कामे काढली आणि त्या कामांवर येणाऱ्या बायकांच्या तान्ह्या मुलांना सांभाळण्याची सोय केली. जनावरांच्या चाऱ्याचीही तजवीज झाली. पाठोपाठ आलेल्या प्लेगने लोकांना घरे सोडून गावाबाहेर झोपड्यांत राहायला लावले.

दुष्काळ-प्लेग येऊन गेले; पुराचे दुखणे मात्र इथल्या नद्यांच्या रचनेतच आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांचे पाणी प्रयाग चिखलीपाशी एकवटून पंचगंगा होते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेला पुढे वाट राहत नाही; पाणी मागे हटून शिवारात, मग गावात शिरते. नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात हेच पाणी पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारातून बाहेर पडते, तेव्हा ‘दक्षिणद्वार’ म्हणून भाविक त्यात स्नान करतात. पूर इथे परका नाही, आणि लोक घर लवकर सोडत नाहीत याचे एक कारण तेच आहे.

पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ फुटांना धोका पातळी. कोल्हापूर शहरात सुतारवाड्यातली कुटुंबे पाणी चढले की दसरा चौकातील चित्रदुर्ग मठात जातात. हे वर्षानुवर्षे चालत आले आहे. १९८९च्या पुरानंतर चिखली-आंबेवाडीकरांना सोनतळीला उंचावर जागा मिळाली. पण शेत आणि गोठा राहिला नदीकाठीच, त्यामुळे गाव पुरते हलले नाही.

२००५च्या महापुराची खूण लोकांच्या मनात पक्की बसली होती. पाणी त्या खुणेच्या वर चढणार नाही या भरवशावर ऑगस्ट २०१९मध्ये अनेक जण माळ्यावर, गच्चीवर थांबले. पंचगंगा ५५ फुटांच्या पुढे गेली. जिल्ह्यातून सुमारे अडीच लाख माणसे हलवावी लागली. एनडीआरएफ, लष्कर आणि नौदलाच्या बोटींबरोबर ‘व्हाइट आर्मी’सारख्या स्थानिक पथकांनीही जिवाची बाजी लावली. बोटीत माणूस बसत होता, म्हैस बसत नव्हती. दूध हाच ज्या घराचा रोजचा पैसा, त्या घराला दावणीला बांधलेली म्हैस सोडून चला असे सांगणे सोपे नव्हते.

पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेल्याने बाहेरून येणारे ट्रक अडले. शहरासाठी पाणी उपसणारे पंपही बुडाले. पूर असताना प्यायच्या पाण्यासाठी टँकर लागले. सुरुवातीच्या दिवसांत घराघरांतून गोळा झालेल्या भाकऱ्यांनी निवारा केंद्रे चालली. रस्ता खुला झाल्यावर मदतीचा लोंढा आला, पण त्यात जुने कपडे फार होते. चिखलाने भरलेल्या घराला खराटा, फिनाइल, अंथरूण, औषधे आणि भांडी लागतात. गोठ्याला वैरण लागते. शिरोळ तालुक्यात टाकळीवाडीच्या गुरुदत्त साखर कारखान्याच्या आवारात माणसे आणि जनावरे दोन्हींची सोय झाली, ती म्हणूनच सर्वांत नेमकी ठरली.

जुलै २०२१मध्ये पाणी ५६ फुटांवर गेले, महामार्ग पुन्हा बंद पडला. या वेळी मात्र २०१९ची आठवण ताजी होती. पाणी गावाला भिडण्याआधीच चिखलीची अनेक कुटुंबे सोनतळीकडे निघाली, आणि पुढे होती ती जनावरे.