पारलिंगी स्त्रीखेळाडू आणि दप्तरांतील रकाने

जन्मकाळीं पुरुष म्हणून नोंद झालेली, परंतु स्त्री म्हणून जगणारी जी व्यक्ति, तिला आम्ही येथें पारलिंगी स्त्री म्हणतों. अशा स्त्रियांनीं बळाच्या व चपळाईच्या खेळांत काय केलें, हा विषय संशोधकांनीं हातीं घेण्याजोगा आहे.

प्राचीन वाङ्मयांत शब्दांची वाण नाहीं. वात्स्यायनानें कामसूत्रांत तृतीया प्रकृतीचे स्त्रीरूपिणी व पुरुषरूपिणी असे दोन भेद सांगितले आहेत. विराटपर्वांत अर्जुन बृहन्नडा होऊन उत्तरेस नृत्य शिकवितो आणि त्याच वेषांत राजपुत्र उत्तराचा रथ हांकतो. परंतु बृहन्नडा हा वेष होय, चरित्र नव्हे. चरित्रास नांव, गांव व मिति लागते. आणि जिच्यासाठीं रकानाच नाहीं, तिची नोंद होणार कशी? भारताच्या जनगणनेंत स्त्री व पुरुष यांखेरीज ‘इतर’ हा रकाना २०११ सालीं आला. त्यांत महाराष्ट्रांतील ४०,८९१ माणसें मोजलीं गेलीं.

न्यायालयाचे कागद याहून बोलके आहेत. अमेरिकेंतील टेनिसपटू रेनी रिचर्ड्स हिनें न्यूयॉर्कच्या न्यायालयाचा निकाल मिळवून १९७७ सालीं स्त्रियांच्या स्पर्धेंत प्रवेश केला व दुहेरीच्या अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली. आपल्याकडे पोलीसभरतींत पुरुषांस १६०० व स्त्रियांस ८०० मीटर धावण्याची चाचणी असे. तिसऱ्या वर्गास मापच नव्हतें. तें ठरविण्यास मुंबई उच्च न्यायालयानें डिसेंबर २०२२ मध्यें शासनास सांगितलें. धावण्याआधीं न्यायालयाची पायरी चढावी लागली!

खानदेशांतील दाखला खेळाचा नव्हे, निवडणुकीचा आहे. परंतु अडचण तीच. जळगांव जिल्ह्यांतील भादली बुद्रुक येथें अंजली पाटील यांचा स्त्रियांच्या राखीव जागेवरील अर्ज नाकारला गेला. २ जानेवारी २०२१ रोजीं औरंगाबाद खंडपीठानें त्यांस ती जागा लढविण्याची मुभा दिली व त्याच महिन्यांत त्या निवडून आल्या.

वि. का. राजवाडे यांनीं गांवोगांव फिरून दप्तरें गोळा केलीं आणि १९२६ सालीं धुळ्यासच देह ठेविला. त्यांची रीत चालविणाऱ्या संग्राहकांस आमची विनंति अशी कीं, पोथ्यांइतकीच आस्था तालमींचे हजेरीपट, जत्रेंतील कुस्त्यांच्या इनामांच्या याद्या व भरतीचे कागद यांविषयींही बाळगावी. नोंद करतांना त्या स्त्रीनें स्वतः स्वीकारलेलें नांव अगोदर द्यावें. आणि ती हयात असल्यास तिच्या अनुमतीवांचून कागद प्रसिद्ध करूं नये. कागद जपावा तो माणसाकरितां. माणूस उघडें पाडण्याकरितां नव्हे.