विष्णुदत्तेची ठेव

भाकऱ्या उरकल्या असतील, गोठ्यातलं झालं असेल, तर जरा टेका. आज आम्ही तुम्हाला एका बाईच्या ठेवीची गोष्ट सांगणार आहोत. ठेव साधारण सतराशे वर्षांपूर्वीची आहे आणि तिची पावती अजून शाबूत आहे. पावती कागदावर नाही, नाशिकच्या डोंगरात कातळावर कोरलेली आहे.

आम्ही तिथे कशा पोचलो ते आधी सांगतो. नाशिकला इतिहासाच्या शिक्षकांची तीन दिवसांची परिषद होती. आमच्या गावच्या शाळेतल्या बाईंनी आम्हा चौघींना बोलावून घेतलं. आपल्या केंद्रावर आपण म्हाताऱ्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या, दुष्काळाच्या आठवणी रेकॉर्ड करतो ना, ते कसं करतो हे शिक्षकांना सांगायचं होतं. अर्धा तास दिला होता, वीस मिनिटांत आमचं संपलं. माईकची सवय आहे आम्हाला, पण समोर एवढे मास्तर एकदम बसलेले कधी पाहिले नव्हते. बाकीची भाषणं काही कळली, काही डोक्यावरून गेली. पण रोज दुपारी जेवणं झाली की सगळ्यांना बसमध्ये बसवून जुन्या जागा दाखवायला न्यायचे. त्यासाठी गेल्याचं सार्थक झालं.

पहिल्या दिवशी काळाराम मंदिर. आम्ही आधी दोन-तीनदा गेलेलो, दर्शन घेऊन, प्रसाद घेऊन परत. या वेळी एका सरांनी दरवाज्याशीच थांबवलं. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. देवळाचे दरवाजे बंद करून घेतले होते. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ बाया चारही दरवाज्यांशी बसल्या. आमच्यातली एक पटकन म्हणाली, "त्या पंचवीसजणींची नावं सांगा की." सरांनी पुढाऱ्यांची नावं भराभर सांगितली होती, इथे मात्र ते थबकले. म्हणाले, "बाई, पुढच्या वेळी यादी घेऊनच येतो." आम्ही आपलं वहीत लिहून ठेवलं, की नावं मागायची आहेत.

दुसऱ्या दिवशी त्र्यंबकच्या रस्त्याला अंजनेरी. तिथे नाण्यांचं संग्रहालय आहे. आम्हाला वाटलं होतं सोनंनाणं बघायला मिळेल, तर बहुतेक नाणी नखाएवढी, शिशाची, तांब्याची, काळी पडलेली. मग एका मॅडमनी एक किस्सा सांगितला, तेव्हा कुठे जीव रमला. नाशिक जिल्ह्यातच जोगलटेंभीला १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त. नाणी नहपान नावाच्या क्षत्रप राजाची. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने त्याचा पराभव केला, पण त्याची नाणी वितळवली नाहीत. त्यांवरच आपला ठसा मारून परत बाजारात सोडली. साठ्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर असे दोन राजांचे दोन ठसे आहेत. राज्य बदललं तरी बाजार चालू राहायला हवा, हे त्या राजाला कळत होतं. आणि गौतमीपुत्र म्हणजे गौतमीचा मुलगा. हे सातवाहन राजे नावाआधी आईचं नाव लावायचे. आपल्या महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या लेकरांच्या सरकारी कागदांवर आता वडिलांच्या नावाआधी आईचं नाव येतं, तेव्हा "हे काय नवीन खूळ" म्हणणाऱ्यांना हे सांगायला हरकत नाही.

तिसऱ्या दिवशी पांडवलेणी.

मुंबई-आग्रा रस्त्याला लागून डोंगर आहे. नाव पांडवांचं, पण पांडवांचा तिथे काही संबंध नाही. बौद्ध भिक्खूंना पावसाळ्यात राहायला आणि उपासनेला दोन हजार वर्षांपूर्वीपासून खोदलेली ही चोवीस लेणी. डोंगराचं जुनं नाव त्रिरश्मी, आणि ते आतल्या लेखांतच लिहिलेलं आहे. पायऱ्या चढताना आमच्यातल्या थोरल्या काकूंचे गुडघे बोलायला लागले. त्या म्हणाल्या, "तुम्ही जा पुढं, मी वानरं बघत बसते." त्यांना हाताला धरून वर नेलं ते बरं झालं, कारण पुढे जे झालं ते त्यांच्यामुळेच.

तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा मोठा लेख आहे. ही त्या गौतमीपुत्राची आई. लेण्याचं दान दिलं तेव्हा गादीवर नातू होता. तिने मुलाचे गुण लिहून ठेवलेत. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यालं असं म्हणते, आणि त्याच लेखात, तो आईची सेवा करणारा होता, हेही सांगते. राजाची आई असली तरी आईच.

पण राणीचं दान म्हणजे राणीचं दान. आमचा पाय अडकला दहा नंबरच्या लेण्यात.

हे लेणं नहपानाचा जावई ऋषभदत्त याने दिलेलं. ओसरीतल्या एका खोलीच्या दारावर लेख आहे, की ही ओवरक नहपानाची मुलगी, ऋषभदत्ताची कुडुंबिनी दक्षमित्रा हिचं दान. ओवरक म्हणजे आपली ओवरी. आणि कुडुंबिनी म्हटल्यावर काकू हसायलाच लागल्या. त्यांचे सासरे सासूला मरेपर्यंत "आमचं कुटुंब" म्हणायचे. लिपी ब्राह्मी, आपल्याला एक अक्षर लागत नाही, पण सरांनी वाचून दाखवलं की शब्द ओळखीचे निघत होते.

मग सरांनी ऋषभदत्ताचा दानाचा हिशोब वाचला. त्याने तीन हजार कार्षापण, म्हणजे तेव्हाची चांदीची नाणी, जवळच्या गोवर्धन गावात विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांचा संघ. दोन हजार एका संघाकडे, महिना शेकडा एक व्याजाने. एक हजार दुसऱ्याकडे, शेकडा पाऊण व्याजाने. लेखात पाऊणला "पायून" असा शब्द आहे, आणि व्याजाला "वढि". आपण वाढीदिढीने ज्वारी द्यायचो, तीच ही वाढ! पुढे अट आहे, की मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त वाढ वापरायची. पहिल्या व्याजातून लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्खूंना दरवर्षी कपड्यासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे.

आमची खजिनदार शांत बसणार आहे का? तिने तिथेच बोटं मोडली. दोन हजारावर शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस. वर्षाला दोनशे चाळीस. वीस माणसांना बारा-बारा म्हणजे दोनशे चाळीस. "बरोब्बर!" असं ती एवढ्या जोरात ओरडली की लेण्यात घुमलं. एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हिशोब, एक कार्षापण इकडे नाही की तिकडे नाही. मास्तर लोक आमच्याकडे बघत राहिले. त्यांनी तो लेख कितीतरी वेळा शिकवला असेल, पण महिन्याच्या महिन्याला व्याज मोजणाऱ्या आम्हीच होतो. आणि हा व्यवहार नगराच्या सभेत वाचून दाखवला, मग नोंदवला, हेही त्यात लिहिलंय. आपण बैठकीत प्रोसिडिंग वाचून दाखवतो, तसंच की. फरक व्याजात. त्यांचं शेकडा एक, आपल्या गटाचं शेकडा दोन. यावर परत येताना बसमध्ये बरंच बोलणं झालं, ते इथे सांगत नाही.

याच लेण्याच्या अंगणात, बाजूच्या भिंतीवर, विष्णुदत्तेचा लेख आहे. हा नंतरचा, आभीर राजा ईश्वरसेन याच्या कारकिर्दीच्या नवव्या वर्षातला. लेख झिजलाय. त्यावर कुणी टोकदार दगडाने स्वतःची नावं ओढू नयेत म्हणून रखवालदाराला डोळ्यात तेल घालून बसावं लागतं. इतर भिंतींवर "अमुक लव्ह तमुक" आहेच.

विष्णुदत्ता कोण? शक अग्निवर्म्याची मुलगी, गणपक रेभिलाची बायको, गणपक विश्ववर्म्याची आई. शक म्हणजे बाहेरून इकडे आलेले लोक. आपण कुठलाही फॉर्म भरतो तेव्हा कुणाची मुलगी, कुणाची बायको हे आधी लिहावं लागतं, तसंच हे. पण त्यानंतर तिचं स्वतःचं नाव आहे, उपासिका विष्णुदत्ता, आणि पैसा तिने ठेवलाय. कशासाठी? त्रिरश्मी डोंगरावर राहणाऱ्या, चारी दिशांनी येणाऱ्या भिक्खूंपैकी जो आजारी पडेल त्याच्या औषधासाठी. लेखात शब्द आहे "गिलानभेषज". गिलान म्हणजे आजारी, भेषज म्हणजे औषध. ठेवीला शब्द आहे "अक्षयनीवी", कधी न संपणारं मुद्दल.

तिने सगळा पैसा एका ठिकाणी ठेवला नाही. कुंभारांच्या श्रेणीकडे एक हजार कार्षापण, पाण्याची यंत्रं करणाऱ्यांच्या श्रेणीकडे दोन हजार, आणखी एका श्रेणीकडे पाचशे. तेल गाळणाऱ्यांच्या श्रेणीचंही नाव येतं, पण तिथे ओळी तुटल्यात. एक धंदा बसला तर दुसरा चालेल, असा विचार असणार. दुष्काळात तेलाचे घाणे थांबतील, पण मडकं सगळ्यांना लागतं. आणि लेख म्हणतो, आज असलेल्या आणि पुढे होणाऱ्या श्रेणींकडे ही ठेव आहे.

हे ऐकताना आम्ही चौघी एकमेकींकडे बघत नव्हतो. कारण सांगतो.

आमच्या गटात चौदाजणी आहोत. महिन्याला दोनशे रुपये बचत, अंतर्गत कर्ज, आणि वर्षाचं व्याज दिवाळीला वाटून घ्यायचं, ही आमची सात वर्षांची रीत. साड्या होतात, लेकरांना फटाके होतात, नवऱ्यासमोर चार पैसे ठेवता येतात. मागच्या श्रावणात आमच्यातल्या एकीच्या सुनेला रात्री बाळंतपणात रक्तस्राव झाला. तालुक्याला नेलं, तर खासगी दवाखान्यात आधी पैसे भरा म्हणाले. रात्री अकराला ती खजिनदाराच्या दारात उभी. पेटीत तीनशे चाळीस रुपये. बाकी सगळं कर्जात गेलेलं, व्याज आधीच्या दिवाळीत वाटून संपलेलं. तिने गळ्यातली पोत काढून ओळखीच्या सोनाराला झोपेतून उठवलं. सून वाचली, पोत अजून सोडवलेली नाही. यावर गटात कुणी उघड बोललं नव्हतं. आणि ती पोतवाली आमच्याबरोबर त्या लेण्यात उभी होती.

तीच म्हणाली, "मग त्या ठेवीचं पुढं काय झालं?"

सर म्हणाले, श्रेणी मोडल्या, भिक्खू गेले, गोवर्धनच्या त्या बाजाराचं कधीच काही उरलं नाही. उरला तो लेख.

थोरल्या काकू कट्ट्यावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "म्हणजे बुडालीच की ठेव. कधी न संपणारी म्हणे!" सगळे हसले. मग त्याच पुढे म्हणाल्या, "पण मधे किती वर्षं औषध मिळालं असेल, ते धरा ना."

गावी आल्यावर सोमवारच्या बैठकीत विषय काढला. दिवाळीला निम्मं व्याज वाटायचं आणि निम्मं वेगळ्या खात्यात ठेवायचं, फक्त आजारपणासाठी, मुद्दलाला हात लावायचा नाही. पोतवालीने सांगितलं, तिची पोत यातून सोडवायची नाही, ती तिची ती सोडवेल. सचिवाने ठराव लिहिला, वाचून दाखवला. खात्याचं नाव काय, यावर पंधरा मिनिटं गेली. शेवटी "औषधाचे पैसे" एवढंच लिहिलं, म्हणजे बँकेत विचारलं तर सगळ्यांना सांगता येईल.

अकराजणींनी सह्या केल्या. तिघींनी केल्या नाहीत. एकीच्या मुलीचं लग्न मार्गशीर्षात आहे आणि तिला दिवाळीचं पूर्ण व्याज हवंय. दुसरी म्हणते, आधी व्याज शेकडा एक करा, मग ठेवीचं बोला. तिसरी नवऱ्याला विचारून सांगणार आहे. पुढच्या सोमवारी परत बसायचं ठरलंय.