'पेझंट' : अर्थ, वापर आणि आपले प्रतिशब्द

इतिहासाचे इंग्रजी ग्रंथ मराठीतून शिकविताना 'पेझंट' आणि 'फार्मर' या दोन्ही शब्दांसाठी सर्रास 'शेतकरी' हा एकच प्रतिशब्द वापरला जातो. वरवर पाहता त्यात काही गैर दिसत नाही. परंतु या दोन शब्दांची कुळे वेगळी आहेत आणि त्यांतील फरक पुसला गेला की इतिहासाचा अर्थही पालटतो.

'पेझंट'चे मूळ लॅटिन 'पागुस' म्हणजे ग्रामीण परगणा या शब्दात आहे. फ्रेंचमार्गे तो पंधराव्या शतकात इंग्रजीत रूढ झाला. मूळ अर्थ केवळ 'मुलखातला माणूस'. त्यात दारिद्र्याचा उल्लेख नव्हता. इंग्लंडमध्ये 1381 साली झालेल्या उठावाला आज 'पेझंट्स रिव्होल्ट' म्हटले जाते. तथापि हे नाव नंतरचे आहे. लॅटिनमध्ये लिहिणाऱ्या तत्कालीन बखरकारांनी बंडखोरांना 'रुस्तिकी' म्हणजे गावंढळ म्हटले. बंडखोरांची मुख्य मागणी 'व्हिलिन' या वेठबिगारीच्या दर्जातून मुक्त होण्याची होती. दुसऱ्या रिचर्ड राजाने ती मान्य केली आणि काही आठवड्यांतच मागे घेतली. पुढे 'व्हिलिन'शी सगोत्र 'व्हिलन' शब्दाला दुष्टाचा अर्थ चिकटला, तर सोळाव्या शतकापर्यंत 'पेझंट' ही शिवी बनली. जमीनदारांच्या समाजात कष्टकऱ्याचे नाव असे बदनाम झाले.

'फार्मर'चा प्रवास याच्या उलट आहे. लॅटिन 'फिर्मा' म्हणजे ठरावीक रक्कम. ती भरून वसुलीचा हक्क घेणारा तो फार्मर, म्हणजे आपला मक्तेदार किंवा इजारदार. नंतर खंडाने जमीन कसणाऱ्यास व शेवटी सर्वसाधारण शेतकऱ्यास हा शब्द लागू झाला. बंगालमध्ये 1772 साली कंपनीने पाच वर्षांच्या बोलीने महसूल मक्त्याने दिला. त्या कागदपत्रांतील 'रेव्हेन्यू फार्मर'ला विद्यार्थ्याने 'शेतकरी' म्हटले, तर नाडणारा आणि नाडला जाणारा यांची अदलाबदल होते.

आपल्या शब्दांचाही इतिहास असाच आहे. अरबी 'रईयत' शब्दाच्या मुळाशी 'चारणे, राखणे' ही क्रिया आहे. प्रजा म्हणजे राखावयाचा कळप. तोच शब्द 'रायट' म्हणून कंपनीच्या दप्तरात गेला, रयतवारी पद्धतीस त्याने नाव दिले, आणि 1919 साली भाऊराव पाटलांनी स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेत तो सन्मानाचा झाला. फारसी 'दिहकान' मात्र खाली उतरला. सासानी इराणातील हा जमीनदार उर्दूत साधा शेतकरी झाला.

विसाव्या शतकात 'पेझंट'ला शास्त्रीय अर्थ लाभला. रशियन अर्थतज्ज्ञ चायानोव्ह यांनी मजुरी देऊन नव्हे, तर कुटुंबाच्या श्रमावर चालणारी शेती हे त्याचे लक्षण मानले. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 17 डिसेंबर 2018 रोजी पेझंटांच्या हक्कांचा जाहीरनामा 121 विरुद्ध 8 मतांनी संमत केला. 54 राष्ट्रे तटस्थ राहिली. त्यातील व्याख्येतही कुटुंबाचे श्रम आणि जमिनीशी असलेले नाते यांना महत्त्व आहे. भूमिहीनांचाही त्यात समावेश आहे. एकेकाळची शिवी हक्काचे नाव झाली. ब्रिटनने मात्र विरोधात मत दिले.

म्हणून अनुवाद करताना संदर्भ पाहणे अगत्याचे आहे. 1381 च्या संदर्भात 'बांधील कुळे', महसुलाच्या संदर्भात 'मक्तेदार', चायानोव्ह यांच्या संदर्भात 'घरच्या श्रमावर कसणारा शेतकरी' असे म्हणता येईल. जमीन कोणाची, श्रम कोणाचे आणि वसुली कोणाच्या हाती, हे तीन प्रश्न विद्यार्थ्याने विचारले, तर योग्य शब्द त्याला आपोआप सापडेल.